रफू कोणाच्या हातचं

रफूवाल्या काकांच्या दुकानाला दुकान म्हणायचं ते केवळ तिथे पाटी होती म्हणून. जुन्या इमारतीच्या जिन्याखाली जी तिरकी जागा उरते, जिथे लोक सायकली नाहीतर मोडक्या खुर्च्या कोंबतात, तिथे काका बसायचे. पुढे एक फळी, फळीवर दिवा, मागच्या भिंतीला खिळ्यांवर टांगलेले कपडे. उंच माणूस आत आला की जिन्याच्या पोटाला डोकं आपटायचा, आणि काका मान वर न करता म्हणायचे, "सांभाळून. डोक्याचं रफू आपण करत नाही."

काकांचा एक नियम होता. तयार कपडा ते घडी घालून हातात देत नसत. फळीवर पसरायचे, दिवा जवळ ओढायचे आणि म्हणायचे, "शोधा." भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकानं शोधायचं. सापडलं तर काकांनी पैसे घ्यायचे नाहीत. मग लोक चष्मा वर-खाली करत, कापडावर नखं फिरवत, कपडा उन्हात नेऊन धरत. एका वकिलानं तर घटकाभर डोळ्यांत तेल घालून कोट तपासला आणि शेवटी मोठ्या विजयानं भलत्याच बाहीवर बोट ठेवलं. उमेदवारीच्या दिवसांत तिघा-चौघांना जागा सापडलीही होती. त्यांचे पैसे काकांनी घेतले नाहीत, कपडा ठेवून घेतला, सगळं उसवून पुन्हा विणलं. पुढे कोणाला सापडेना. काकांनी आयुष्यात कधी जाहिरात केली नाही. 'काकांचा हात' एवढे दोन शब्द गावभर फिरत राहिले आणि तेवढ्यावर संसार झाला, लेक शिकली, तिचं लग्न झालं.

मग त्या हाताला कंप सुटला.

आधी कपबशी वाजायला लागली. मग किल्ली कुलपात जाईना. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, फक्त हे आता जायचं नाही. सुईवर जगणाऱ्या माणसाला 'जिवाला धोका नाही' हे ऐकून काय वाटतं, ते डॉक्टरांना कसं कळावं? काका मान डोलावून घरी आले आणि कोणाला काही न सांगता कामाला बसले. एका शिक्षकांचा राखाडी कोट होता, खिशाच्या वर उंदरानं कुरतडलेला. काकांनी तो घरी आणला आणि संध्याकाळभर त्याच्याशी झटत राहिले. चार धागे घालायचे, सहा उसवायचे. शेवटी निवडलेल्या धाग्यांसकट कोट खुर्चीवर टाकून ते पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडले. खरं तर त्यांना रडू येत होतं आणि ते बायकोसमोर यायला नको होतं.

परत आले तर कोट टेबलावर पसरलेला, आणि काकू स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या. काकांनी दिवा ओढला आणि शोधलं. उंदरानं कुठे खाल्लं होतं ते त्यांना पाठ होतं, तरी शोधलं. त्यांना सापडलं नाही.

काकू लग्नापासून त्यांच्यासमोर बसून सुया ओवून देत आल्या होत्या. बघून बघून माणूस काय शिकतो, ते शिकणाऱ्यालाही कळत नाही. त्यातून त्या डावखुऱ्या. त्यामुळे समोर बसून बघताना सगळं आरशात बघावं तसं त्यांच्या हाताला सोयीचं पडत गेलं असणार. काका स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. मग म्हणाले, "चहा टाकतेस का?" काकूंनी चहा टाकला. त्या विषयावर दोघांत झालेलं बोलणं ते एवढंच.

तेव्हापासून काका संध्याकाळी पिशवी भरून कपडे घरी आणायचे आणि सकाळी पिशवी भरून परत न्यायचे. दुकानात 'शोधा' चालू राहिलं, नावही राहिलं. उजवा हात काका फळीखाली ठेवायला शिकले. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही, आणि तब्बल चार वर्षं दोघांनी ताकास तूर लागू दिली नाही. सख्ख्या लेकीलाही नाही.

लेक दुसऱ्या शहरात नोकरी करायची. तिचं काम लोकांना नाव मिळवून देण्याचं. काकांना ते कधी नीट उमगलं नव्हतं. नाव आईबाप ठेवतात आणि माणूस राखतो, त्यात पगार कसला? पण सुट्टीत घरी आली तेव्हा तिनं भिंतीवरचे रिकामे खिळे पाहिले. लोक आता फाटलेलं फेकून नवं घेत होते.

"बाबा, आजकाल माणूस हाच ब्रँड असतो," ती म्हणाली.

"ब्रँड बिस्किटाचा असतो."

"तुमचाही आहे, फक्त तुम्हाला माहीत नाही. लोक कशाला भुलतात सांगू? खरेपणाला. माझी गिऱ्हाइकं तो दिसावा म्हणून काय काय सोंगं करतात. आणि तुमच्याकडे तो पोत्यानं पडलाय. मी फक्त तुमच्या हातांचा व्हिडिओ काढते, आणि शेवटी तुमचं ते 'शोधा'. बास."

खरेपणा हा शब्द ऐकून काकांनी उजवा हात मांडीखाली सरकवला. पहिल्या दिवशी ते म्हणाले, उजेड बरा नाही. दुसऱ्या दिवशी चष्मा हरवला, जो त्यांच्या कपाळावरच होता. तिसऱ्या दिवशी बोटाला सुई लागली म्हणाले. तेव्हा काकूंनी लेकीला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं आणि दार लोटलं.

लेक बाहेर आली, काकांशेजारी बसली आणि तिनं त्यांचा उजवा हात मांडीवर घेतला. तो तिच्या दोन्ही हातांत चिमणीसारखा फडफडत राहिला. "मला का नाही सांगितलंत?" एवढंच तिनं विचारलं. उत्तर काकूंनी दिलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची असते, म्हणून."

आणि पुढची युक्तीही काकूंचीच. व्हिडिओत हातच दिसणार ना? मग त्यांनी काकांचा पूर्ण बाह्यांचा निळा सदरा चढवला, मनगटावर काकांचं घड्याळ बांधलं आणि त्यांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. एवढ्या वर्षांच्या कामानं त्यांची बोटं अशी झाली होती की बाईची की पुरुषाची, कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकलं नसतं. अडचण एकच, सुई डाव्या हातात. काका उजवे आहेत हे सगळ्या गावाला माहीत. लेक म्हणाली, त्यात काय, चित्र उलटं करता येतं, आरशासारखं. तिनं तसं केलं आणि डावा हात उजवा झाला. काळ्या कोटावरचं भोक बघता बघता मिटत गेलं. शेवटी काकांचा आवाज आला, "शोधा." तेवढा आवाज मात्र खरा होता.

व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. लोकांनी खाली लिहिलं होतं, 'याला म्हणतात प्रामाणिक माणूस,' 'या वयात काय स्थिर हात आहेत.' ते वाचून काकू हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. "बघा हो, किती स्थिर आहेत तुमचे हात." काकाही हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा लावू दिला नाही. तोवर त्यांनी कोणाला खोटं असं सांगितलं नव्हतं, नुसतं सांगितलं नव्हतं. त्यात एक पळवाट होती आणि ते तिच्यातून चार वर्षं ये-जा करत होते. आता ती बंद झाली होती.

लेक परत गेली. कपड्यांची रीघ लागली. भिंतीवर खिळे कमी पडले. संध्याकाळच्या एका पिशवीच्या दोन झाल्या. काकू जेवण झालं की खिडकीशी बसायच्या त्या मान अवघडेपर्यंत. डोळे लाल व्हायचे, डाव्या अंगठ्याला भेग पडली होती. दुकानात काकांची स्तुती व्हायची आणि काका ती ऐकून घ्यायचे. घरी येऊन काकूंच्या अंगठ्याला मलम लावायला जायचे, तर त्यांच्या बोटानं ते मनगटापर्यंत फासलं जायचं. "राहू द्या, मी लावते," काकू म्हणायच्या. तेही जमत नाही म्हटल्यावर काकांना स्वतःचा फार राग यायचा.

अशात एके दिवशी दुपारी एक वयस्क बाई आल्या. छोट्या चणीच्या होत्या, त्यामुळे जिन्याला न आपटता सरळ आत शिरल्या. छातीशी तपकिरी लोकरीचा पुरुषी कोट धरलेला.

"यांचा आहे," त्या म्हणाल्या. "ते जाऊन दोन हिवाळे झाले. मी दर रविवारी इस्त्री करते त्याला. गेलेल्या माणसाच्या कोटाला इस्त्री कशाला, असं सूनबाई विचारतात, तुम्ही विचारू नका. परवा फोन वाजला आणि इस्त्री तिथेच राहिली."

पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, अंगठ्याएवढं जळलं होतं.

"होईल," काका म्हणाले. "ठेवून जा. शनिवारी या."

"ठेवून जाणार नाही मी."

"अहो ताई, इथे हरवत नाही काही."

"तसं नाही. एकदा नजरेआड झाला आणि हे झालं. मी इथे बसते, तुम्ही माझ्यासमोर करा. तुमचे हात पाहिलेत मी व्हिडिओत. ते पाहिले म्हणून तर आले. नाहीतर शेजारीण म्हणत होती, ठिगळ लाव आणि कपाटात ठेवून दे." आणि त्या फळीसमोरच्या स्टुलावर ठाण मांडून बसल्याच.

काकांची पाचावर धारण बसली. सबबी त्यांच्याकडे ढीगभर होत्या. उजेड होता, चष्मा होता, बोटाची सुई होती. आजचं काम भरलंय म्हणायचं, उद्यावर ढकलायचं, उद्याचं उद्या बघू. तोंड उघडलंही होतं त्यांनी. पण बाईंनी कोट फळीवर ठेवला, ठेवताना त्याची कॉलर सारखी केली, जशी घरातून निघणाऱ्या माणसाची करतात. आणि काकांना वाटलं, या बाईशी खोटं बोलून आपण घरी जाऊन जेवू शकणार नाही.

त्यांनी फळीखालचा हात वर काढला आणि कोटाशेजारी ठेवला. हात थरथरत होता, आणि त्याच्यासोबत फळीवरची कात्री बारीक वाजत होती.

"ताई, हा माझा हात. व्हिडिओतला माझा नाही. चार वर्षं मी सुई धरलेली नाही. काम सगळं माझी बायको करते. घरी."

बाईंनी वाजणारी कात्री बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "तरीच."

"तरीच काय?"

"व्हिडिओतल्या त्या काळ्या कोटाची बटणं घालणाऱ्याच्या डावीकडे होती. मी चाळीस-एक वर्षं यांच्या कोटाची बटणं लावली, पुरुषांची कधी डावीकडे नसतात. म्हटलं, बाईचा कोट असेल. पण मापानं तर पहिलवानाचा दिसत होता. दोन दिवस डोक्यातून जाईना."

चित्र उलटं करताना हातासोबत सगळा कोटच उलटा होणार, हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. सगळं आयुष्य कपड्यांत गेलेलं घर ते. हे दुसऱ्या कोणी केलं असतं तर काका पोट धरून हसले असते.

"मग आलात कशा?"

"बटणं खोटी असली तरी भोक मिटताना दिसलंच होतं की. कोणीतरी मिटवलं असणार." त्यांनी कोट उचलून पुन्हा छातीशी धरला. "घर लांब आहे का?"

घर दोन गल्ल्या टाकून होतं. दारात नवरा आणि नवऱ्यामागे अनोळखी बाई पाहून काकू हातातल्या सुईसकट उभ्या राहिल्या. काका एवढंच म्हणाले, "यांना सांगितलं मी." काकूंचा चेहरा पडला. पण पाहुण्यांसमोर भांडायची त्या घराची रीत नव्हती. त्यांनी खुर्ची पुसली, बाईंना खिडकीशी बसवलं आणि कोट घेतला.

काका नेहमीप्रमाणे रफूसाठी कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागे काढायला बसले. तपकिरी म्हटलं तरी त्यात एक गंजासारखा, एक जवळजवळ काळा आणि एक मधासारखा असे तीन धागे होते. पाठीचा रंग उन्हानं उडालेला, म्हणून काकांनी शिवणीतले टाकून खालच्या दुमडीतले, तसेच विटलेले, घेतले. ओढताना दोन तुटले. त्यांनी आणखी दोन काढून काकूंसमोर ठेवले. मग काकू विणायला लागल्या, त्या थेट संध्याकाळ होईपर्यंत.

झाल्यावर काकांच्या तोंडून सवयीनं गेलं, "शोधा."

"मला नको शोधायला," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटून त्या जागेवर तळवा ठेवला. मग काकूंचा हात धरला, डावा, भेगाळलेला, आणि बराच वेळ सोडला नाही. काकूंना सवय नव्हती. आजवर त्यांच्या कामाचं कौतुक पिशवीतून उष्टं होऊन यायचं. त्या एकदम पदराला डोळे पुसत आत निघून गेल्या.

बाई गेल्यावर मात्र काकूंचा तोल सुटला.

"मला विचारलंत? एका शब्दानं विचारलंत? चार वर्षं मी डोळे फोडले ते कशासाठी? तुमचं नाव राहावं म्हणून. आणि तुम्ही ते पहिल्या आलेल्या बाईला देऊन मोकळे झालात. उद्या लोक हसतील. म्हणतील, काका बायकोच्या जिवावर बसून खातो."

"खातोच आहे."

"असं बोलू नका."

"अगं, नाव राहिलं, खरंय. पण त्यात मी नव्हतो. तूही नव्हतीस. मग कोणाचं नाव जपत होतो आपण?" काकांनी कोपऱ्यातल्या पिशव्यांकडे बोट केलं. "लोक तुझ्या कामाला वाहवा म्हणतात आणि मी मान डोलावतो. मला ते सहन होत नाही गं. हात गेला ते एक वेळ सहन झालं."

काकू खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "मला भीती वाटते. मला नाही येत तुमच्यासारखं बोलता लोकांशी."

"बोलायला मी आहे ना."

दुसरा व्हिडिओ काढायला लेक मुद्दाम रजा टाकून आली. या वेळी चित्र उलटं केलं नाही. काकांनी हात समोर धरला, जसा हलत होता तसा, आणि सांगितलं की आधीचे हात बायकोचे होते, सदरा तेवढा त्यांचा होता, आणि बटणं उलटी आहेत हे एका ताईंनी पकडलं. ज्यांना फसवणूक वाटत असेल त्यांनी कपडे परत न्यावेत. लेकीनं विचारलं, थोडं गोड करून सांगायचं का? काका म्हणाले, नको.

आणि लोकांनी नेले की कपडे. गोष्टीत असतं तसं सगळे टाळ्या वाजवत आले नाहीत. ज्यांनी 'प्रामाणिक माणूस' लिहिलं होतं त्यातल्याच काहींनी 'ढोंगी' लिहिलं. तो जुना वकील आपली पँट घेऊन गेला आणि जाताना म्हणाला, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." काकांनी त्याला दारापर्यंत पोचवलं, डोकं आपटू नये म्हणून. भिंतीवरचे निम्मे खिळे पुन्हा मोकळे झाले. काकूंच्या अंगठ्याची भेग मात्र त्या महिन्यात भरून आली.

आता दिवसा काकू दुकानात बसतात. खुर्ची त्यांची, दिवा त्यांच्या बाजूला. पहिले काही दिवस गिऱ्हाईक आलं की त्या मान खाली घालायच्या आणि काका शेजारच्या स्टुलावरून सगळं बोलायचे, मोजमाप, तारीख, विनोद. बोलून झालं की गप्प बसून राहायचे. नाव गेलं याचं त्यांना आता दुःख नव्हतं. पण खुर्चीतून उठलेला माणूस स्टुलावर नेमका कोण असतो, हे त्यांना कळत नव्हतं, आणि हे कोणाला विचारायचं तेही कळत नव्हतं.

एका सकाळी एक तरुण बाई करड्या लोकरीची पँट घेऊन आली. तिनं काकांकडे पाहिलंच नाही. सरळ काकूंसमोर पँट ठेवली आणि म्हणाली, "काकू, तुम्हीच करता ना? व्हिडिओत पाहिलं. गुडघ्याला फाटलीये, मिळून येईल ना रंग?"

काका बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनी मान वर केली. गिऱ्हाइकाशी त्या दुकानात आपणहून पहिल्यांदा बोलत होत्या, त्यामुळे आवाज जरा मोठाच निघाला.

"मी विणते, पण रंगाचं मला विचारू नका. मला सगळे करडे सारखेच दिसतात. धागा आमचे हे निवडतात. पहिल्यापासून. त्यांनी धागा हातात दिल्याशिवाय मी सुई उचलत नाही."

काकांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ही समजूत घालतेय असं आधी त्यांना वाटलं. मग पिशव्यांमागून पिशव्या आठवल्या, रोज संध्याकाळचा तो अर्धा तास, निवडून, ओढून, काकूंच्या समोर ठेवलेले धागे. ते खरंच होतं. ते काम आहे, हे चार वर्षांत त्यांच्या मनातही आलं नव्हतं. काकूंनी मात्र ते मनात धरलं होतं, आणि आज परक्या माणसासमोर सांगून टाकलं होतं.

"मग काका, तुम्ही बघता का?" त्या बाईनं पँट त्यांच्याकडे सरकवली.

काकांनी ती उचलून उजेडात धरली. हात थरथरत होता, त्याबरोबर पँट हलत होती. गिऱ्हाईक थांबलं होतं, आणि सुई हातात घेऊन काकूही थांबल्या होत्या.